‘पॉइंट’ कमी, वाळू जास्त

पत्र :
आम्ही राजारामपुरीत राहतो. थोरली मुलगी पाच वर्षांची, धाकटा वीस महिन्यांचा. मिस्टरांचं शिरोली एमआयडीसीत वर्कशॉप आहे, गेल्या दोन वर्षांत सलग चार दिवस सुटी घेतलेली नाही. येत्या फेब्रुवारीत आठवडाभर अंदमानला जायचं ठरवलंय. सासूबाईही येणार आहेत, त्यांना सेल्युलर जेल बघायचंच आहे. एजंटने सहा रात्रींचा प्लॅन दिलाय : पोर्ट ब्लेअर दोन, हॅवलॉक दोन, नील एक, परत पोर्ट ब्लेअर एक आणि मध्ये एक दिवस बाराटांग. कागदावर एकूण सतरा पॉइंट आहेत. मला खरं सांगायचं तर नुसतं समुद्राकाठी बसायचंय. मिस्टर म्हणतात, एवढा पैसा घालून जायचं तर सगळं बघून यायचं. थोरलीला गगनबावड्याच्या घाटात हमखास उलटी होते. धाकटा रोज पहाटे पाचला उठून बसतो. एवढ्या लहान मुलांना घेऊन बेटावर जाणं बरोबर आहे का, की मोठी होईपर्यंत थांबू? थोरली रोज विचारते, बेट पाण्यावर तरंगतं का गं?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर :
ताई, थांबू नका. जा. फक्त तो कागद एजंटला परत द्या.

‘सतरा पॉइंट’ वाचलं आणि मला आमची सहल आठवली. माझी मुलगी सहा वर्षांची असताना आम्हीही असाच एक कागद घेऊन अंदमानला गेलो होतो. नील बेटावर लक्ष्मणपूरच्या किनाऱ्याला त्या दुपारी ओहोटी होती. तिने वाळूत ओंजळीएवढा खड्डा केला आणि त्यात एक शंखातला खेकडा पडला. अंगठ्याच्या नखाएवढाच असेल. पाय रोवत वर चढायचा, काठाची वाळू ढासळली की शंखासकट गडगडत खाली यायचा, पुन्हा चढायला लागायचा. ही पालथी पडून, हनुवटी वाळूत टेकवून बघत होती. तेवढ्यात रस्त्यावरून गाडीचा हॉर्न वाजला. “मॅडम, अजून दोन पॉइंट राहिलेत, अंधार पडेल.” मी तिला उचललं. ती गाडीत रडत राहिली आणि पुढच्या दोन्ही ठिकाणी खाली उतरलीच नाही. ते दोन पॉइंट कोणते होते, मला आज सांगता येणार नाही. तो खेकडा वर आला का, हे मात्र ती कॉलेजात जायला लागली तरी मधूनच विचारते.

म्हणून तुमच्या बाजूने मी ठामपणे उभी आहे. समुद्राकाठी नुसतं बसायचं असेल, तर त्यासाठीच जा. मुलांना दुसरं काही लागत नाही. तुम्हाला आणि मिस्टरांनाही, दोन वर्षं राबल्यावर, दुसरं काही लागत नसावं.

मिस्टरांना समजवायचं असेल तर वाद घालू नका, कागद पुढ्यात ठेवून दोघं मिळून मोजा. चार वेळा हॉटेलात शिरायचं, चार वेळा बॅगा भरायच्या. तीन बोटी. बोटीचा प्रवास दीड-दोन तासांचा असला, तरी खोली सोडण्यापासून जेट्टीवर ओळखपत्रं दाखवणं, सामान देणं, उतरणं, गाडी शोधणं आणि पुढच्या खोलीची किल्ली हातात पडणं, यात अर्धा दिवस जातो. आता यातून बघा, धाकट्याला दुपारी पलंगावर शांत झोप किती दिवस मिळणार? माझ्या हिशोबाने दोन दिवस, फार तर तीन. वर्कशॉपमध्ये एका मशीनवर दिवसातून चार वेळा जॉब बदलला, चार वेळा सेटिंग केलं, तर संध्याकाळी माल किती निघतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. दुपारची झोप मोडलेलं दोन वर्षांचं मूल संध्याकाळी काय करतं, ते तुम्हाला कळतं. दोन्ही हिशोब एकच आहेत.

बाराटांग तर आधी खोडा. चुन्याच्या गुहा आणि चिखलाचे ज्वालामुखी बघायला पोर्ट ब्लेअरहून पहाटे तीन-साडेतीनला मुलांना झोपेतून उठवून निघावं लागतं, कारण जिरकाटांगच्या चौकीवरून गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्यानेच सोडतात. पुढे रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो. तिथे थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, कुणाला खायला द्यायचं नाही, असा कायदा आहे. उलटी होणाऱ्या मुलीसाठी गाडी बाजूला घ्यायची सोय नाही. आणि मुलांचा प्रश्न बाजूला ठेवला तरी, ज्यांना आपली गाठभेट नको आहे अशा माणसांच्या राहत्या जंगलातून गाड्यांची रांग नेणं मला बरं वाटत नाही.

आता माझा आराखडा. सहाऐवजी सात रात्री धरा. पहिली रात्र पोर्ट ब्लेअर (२०२४च्या सप्टेंबरपासून त्याचं सरकारी नाव श्री विजयपुरम आहे, तिकिटावर कोणतंही दिसलं तरी गोंधळू नका). मग सलग चार रात्री नील. शेवटच्या दोन रात्री परत पोर्ट ब्लेअर. हॅवलॉक सोडून द्या.

हॅवलॉक सोडायचं म्हटल्यावर घरात आवाज चढणार, हे मी समजून आहे. तिथला राधानगर किनारा देखणाच आहे, मी नाही म्हणत नाही. पण तो मोकळा समुद्र आहे, लाटा असतात, आणि राहायची बरीचशी हॉटेलं बेटाच्या दुसऱ्या बाजूला असल्यामुळे प्रत्येक आंघोळीला गाडी करावी लागते. नीलचं उलटं आहे. बेट एवढंसं की एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला जेमतेम पाच किलोमीटर. सगळीकडे भाताची खाचरं, केळी, भाजीचे वाफे. अंदमानला भाजी पुरवणारं बेट म्हणूनच ते ओळखलं जातं. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथे वसवलं, त्यांनी ही शेती उभी केली. गावांची नावं सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. सासूबाईंना ही नावं आधीच सांगून ठेवा, मग नीलच्या बाजूने घरात दोन मतं होतील. (२०१८पासून नीलला शहीद द्वीप आणि हॅवलॉकला स्वराज द्वीप म्हणतात. बोटीचं तिकीट काढताना दोन्ही नावं दिसतील.) भरतपूरचा किनारा जेट्टीला लागूनच आहे. प्रवाळाच्या कट्ट्यामुळे मोठ्या लाटा बाहेरच अडतात आणि आत बऱ्याच लांबपर्यंत पाणी गुडघाभर राहतं. पाच वर्षांच्या मुलीला यापेक्षा वेगळा समुद्र लागत नाही.

खोली निवडताना फोटोतला स्विमिंग पूल बघू नका. फोन करून चार गोष्टी विचारा : तळमजल्याची खोली मिळेल का, पलंग भिंतीला लावता येईल का, वीज गेली तर जनरेटरवर पंखा आणि एसी चालतो का, सकाळी सहाला गरम पाणी मिळेल का. पूल असेलच तर त्याला कुंपण आहे का, हे आधी विचारा. कुंपण नसलेला पूल दाराशी असला, तर तुम्ही चारही दिवस पहारा देत बसाल.

धाकट्याच्या पहाटेच्या उठण्याने तुम्ही कावला असाल. अंदमानात मात्र तो एकटाच घड्याळाप्रमाणे वागेल. अंदमान कोल्हापूरपासून साडेअठरा रेखांश पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. त्यामुळे सूर्य तिथे सव्वा तास आधी उगवतो आणि मावळतोही आधी. फेब्रुवारीच्या मध्यात कोल्हापुरात सातच्या सुमारास सूर्य वर येतो, तिथे पावणेसहालाच येतो, आणि संध्याकाळी साडेपाचला बुडतोसुद्धा. आपण इथल्या सवयीने नऊला आवरून नाश्त्याला गेलो तर दिवसाचा सगळ्यात गोड भाग हातचा गेलेला असतो. तेव्हा धाकट्याबरोबर सगळ्यांनी उठायचं. सहाला वाळूत, साडेआठला नाश्ता, अकरापर्यंत सावलीत खेळ, मग जेवण आणि झोप. तीननंतर परत पाणी. साडेसहाला जेवून आठला मुलं गाढ झोपतील, आणि त्यानंतरचा अंगणातला वेळ तुम्हा दोघांचा. मिस्टरांना सांगा, हा खास पॉइंट मी घातलाय. अकरा ते तीन मात्र उन्हात कुणीच नको. लांब बाह्यांचे पोहायचे कपडे, मागे मानेवर येणारी टोपी आणि डॉक्टरांना विचारून घेतलेलं सनस्क्रीन, पाण्यातून आल्यावर पुन्हा लावायचं.

तारखा पक्क्या करण्याआधी सासूबाईंना कॅलेंडर घेऊन बसवा. खरंच सांगते, हे काम त्यांच्याइतकं कुणाला जमणार नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे उधाण असतं : भरतीला पाणी खूप चढतं आणि ओहोटीला खूप लांब जातं. अष्टमीच्या पुढेमागे भांग असतं, चढउतार कमी. नीलसारख्या प्रवाळाच्या बेटावर उधाणाच्या ओहोटीला पोहायला पाणीच उरत नाही, नुसते खडक उघडे पडतात. पण त्याच खडकांत जागोजागी पाणी साचून राहतं आणि त्यात मासे, खेकडे, समुद्रकाकड्या दिसतात. लक्ष्मणपूरचा तो नैसर्गिक दगडी पूलही ओहोटीलाच गाठता येतो. म्हणजे डुंबायचं असेल तर अष्टमीकडचे दिवस, डबकी धुंडाळायची असतील तर पौर्णिमेकडचे. तुमचा धाकटा बघता मी अष्टमीकडचे घेईन. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. पोचल्यावर हॉटेलवाल्याला पहिल्याच दिवशीची वेळ विचारली की पुढचे तीन दिवस घरच्या घरी काढता येतात. थोरलीला हे गणित बोटांवर करायला आवडेल.

प्रवाळाचे कंगोरे ब्लेडसारखे कापतात. चौघांच्या-पाचांच्या पायांत मागून पट्टा असलेल्या रबरी चपला हव्यातच, आणि जिवंत प्रवाळावर पाय देऊ नका. शंख-शिंपले, मेलेलं प्रवाळ तिथून उचलून आणायला बंदी आहे, विमानतळावर बॅगेतून काढून घेतात. हे तुम्ही मुलीला घरातच सांगा, विमानतळावर नको. तिथे वाळूवर शिंपल्यांची रांगोळी काढायची, फोटो घ्यायचा, आणि रांगोळी समुद्राला द्यायची. आमच्याकडे हे चाललं होतं.

पाण्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. लहान मूल बुडताना ओरडत नाही, हात मारत नाही. गुडघाभर पाण्यातसुद्धा आवाज न करता खाली जातं. चार मोठी माणसं काठावर असली की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याचं लक्ष आहे. म्हणून पाळी लावा आणि ती तोंडाने बोला : “आता माझी पाळी.” ज्याची पाळी त्याच्या हातात मोबाइल नाही, आणि मूल हाताच्या अंतरावर. दंडात घालायच्या हवेच्या फुग्यांवर विसंबू नका, ते निसटतात. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरीही आहेत. घाबरून जाऊ नका, पण जिथे इशाऱ्याचा फलक आहे तिथे, खाडीच्या मुखाशी आणि तिवरांच्या कडेला पाण्यात पाऊल टाकायचं नाही. जिथे गावातली मुलं डुंबतात आणि जीवरक्षक बसतो, तिथेच उतरायचं. आणि एक बारीक गोष्ट, जी आमच्याकडे कुणाच्या लक्षात आली नव्हती : नारळाच्या झाडाखाली चटई टाकून मुलाला झोपवायचं नाही. नारळ सांगून पडत नाही. चटई बदामाच्या नाहीतर दुसऱ्या कुठल्याही झाडाखाली टाका.

संध्याकाळी सूर्य बुडताना वाळूतल्या माश्या चावतात. दिसत नाहीत इतक्या बारीक, पण दुसऱ्या दिवशी पायांवर खाजरे पुरळ उठतात. पायांना खोबरेल तेल चोपडून मगच किनाऱ्यावर जा आणि सूर्य गेला की परत या.

थोरलीच्या उलटीचं. घाटात होते म्हणून बोटीत होईलच असं नाही, फेब्रुवारीत तो समुद्र बहुतेक शांत असतो. तरी बोटीत खालच्या मजल्यावर, मधल्या किंवा मागच्या रांगेत बसा, तिथे हेलकावा कमी लागतो. निघण्याआधी दोन तास दूध नको, कोरडं काही द्या, भडंगाची मूठसुद्धा चालेल, तिखट नको एवढंच. मोबाइलवर गोष्टी लावून देऊ नका, मान खाली घातली की मळमळ वाढते. मळमळीचं औषध मुलांच्या डॉक्टरांनी वजन बघून लिहून दिलं तरच द्या, आणि धाकट्याला तर स्वतःच्या मनाने अजिबात नाही. विमानात कान दुखतात ते उतरताना, म्हणजे शेवटचा अर्धा तास. तेव्हा धाकटा दूध किंवा पाणी घोट घोट पीत राहील असं बघा, थोरलीला चघळायला काहीतरी द्या.

दुधावरून आठवलं. कोल्हापूरच्या मुलांची ही खास अडचण आहे. गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत काढलेलं दूध पिणारी पोरं आपली. बेटावर मिळतं ते बहुतेक पावडरीचं किंवा खोक्यातलं, आणि पहिल्या घोटाला तोंड फिरवतात. जाण्याआधी पंधरा दिवस घरातच एक वेळचं दूध पावडरीचं द्यायला लागा. आवडलं नाही तर निदान कळेल, आणि मग नाचणीसत्त्व बरोबर घ्या. जेवणाची चिंता नको, बंगाली वस्ती असल्यामुळे वरण-भात, बटाट्याची भाजी, मासे कुठेही मिळतात, आणि आपल्यापेक्षा पुष्कळ कमी तिखट. मेतकुटाची एक बरणी मात्र मी प्रत्येक प्रवासात नेते.

औषधांचा डबा मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. थर्मामीटर, तापाचं औषध (किती मिली द्यायचं ते वजनानुसार डॉक्टरांकडून बाटलीवरच लिहून घ्या), ओआरएसची पाकिटं, जखमेचं मलम, पट्ट्या. नीलवर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. त्यापेक्षा मोठं काही लागलं तर पोर्ट ब्लेअरलाच यावं लागतं, तिथे गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे. आमच्या वेळी नीलवर रात्री मुलीला ताप भरला आणि औषध बोटीच्या सामानात कुठल्याशा बॅगेच्या तळाशी होतं. बुकिंग करणाऱ्याने चोवीस तास फोनवर असू असं सांगितलं होतं, त्या रात्री फोन लागला नाही. पहाटेपर्यंत ओल्या पंचाने अंग पुसत बसलो. शेजारच्या घरातल्या एका बंगाली मावशींनी न विचारता भाताची पेज आणून दिली. ताप सकाळी उतरला, पण त्या रात्रीनंतर डबा माझ्या खांद्यावरून खाली उतरलेला नाही. आणखी एक : रोख पैसे जवळ ठेवा. चेन्नईहून समुद्राखालून केबल २०२० साली गेली तेव्हापासून नेटवर्क पुष्कळ सुधारलं, तरी छोट्या बेटावर फोनने पैसे जातीलच असं धरून चालू नका.

परतीच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरला का, तर हवा बिघडली की बोटी रद्द होतात. बेटावरून सकाळी निघून त्याच दिवशीचं विमान गाठायचं धाडस मुलांना घेऊन करू नये. आणि ते दोन दिवस वाया जाणार नाहीत, ते सासूबाईंचे आहेत.

सेल्युलर जेल सकाळी उघडल्या उघडल्या बघा. १९०६ साली हा तुरुंग बांधून पुरा झाला. मधल्या बुरुजापासून सात इमारती चाकाच्या आऱ्यांसारख्या फुटलेल्या होत्या, आज त्यांतल्या तीनच उभ्या आहेत. स्वातंत्र्यवीर सावरकरांना १९११ साली इथे आणलं, थोरले बंधू बाबाराव याच तुरुंगात होते. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे आणि जिने चढूनच जावं लागतं. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत ते बघून वेळ ठेवा, घाई करू नका. तिथे पोचल्यावर त्यांना थोडा वेळ एकटं बसू द्या. आमच्या आई त्या दाराच्या गजाला हात लावून उभ्या राहिल्या त्या दहा मिनिटं हलल्या नाहीत, आणि मी मुलीला घेऊन लांब उभी राहिले हे बरं केलं. थोरलीला कोलू दाखवा आणि बैलाच्या जागी माणसं जुंपून तेल काढायला लावायचे, एवढं सांगा. ते तिला समजेल. फाशीघराकडे या वेळी नेऊ नका. रात्रीचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम सासूबाई आणि मिस्टरांनी बघायचा, तुम्ही मुलांपाशी थांबायचं. आणि त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळचे दोन तास मुलं मिस्टरांकडे. हे निघण्याआधी ठरवा, तिथे गेल्यावर ठरत नाही.

त्या दुसऱ्या दिवशी जमलं तर रॉस बेट, म्हणजे आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. पोर्ट ब्लेअरहून बोटीने दहा-पंधरा मिनिटं. इंग्रजांची राजधानी होती, आता पडक्या भिंतींवरून वडा-पिंपळासारखी मुळं उतरलीत आणि त्यांतून हरणं मोकळी हिंडतात. धाकट्याला तुरुंग कळणार नाही, हरीण कळेल.

जाण्याचा मार्ग. कोल्हापूरहून एका दमात पोचायचा हट्ट धरू नका. उजळाईवाडीहून बेंगळुरूचं विमान सोयीच्या दिवशी मिळालं तर उत्तम. नाहीतर दुपारी मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने निघून दुसऱ्या दिवशी सकाळी बेंगळुरू. तो दिवस आणि रात्र तिथेच काढा, आणि मग सकाळच्या विमानाने पोर्ट ब्लेअर. चेन्नईमार्गे जायचं असेल तर पुणे गाठावं लागेल, चेन्नईहून पुढे सव्वादोन तासांचं विमान आहे. रात्रीच्या वेळी विमानतळावर मुलांना खुर्च्यांवर झोपवून वाचवलेला हॉटेलचा खर्च पहिल्या दोन दिवसांच्या रडारडीत जातो.

धाकटा आत्ता वीस महिन्यांचा म्हणता, म्हणजे फेब्रुवारीत तो दोनच्या उंबरठ्यावर असेल. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत विमानात मूल मांडीवर बसतं, ठरलेलं शुल्क भरलं की झालं. पूर्ण झाली की स्वतंत्र सीट लागते. वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात, बुकिंगच्या दिवशीचं नाही. वाढदिवस सहलीच्या मधेच आला तर परतीला पूर्ण तिकीट काढावं लागतं. एजंट हे सांगेलच असं नाही, तुम्ही कॅलेंडर बघा. थोरलीचं म्हणाल तर पहिलीत जायच्या आधीचं हे शेवटचं वर्ष, एक आठवडा शाळा बुडाली तर काही बिघडत नाही. दिवाळीच्या सुटीत त्या समुद्रात वादळांचा हंगाम असतो, आणि मेच्या उत्तरार्धात पाऊस देशात सगळ्यात आधी तिथेच उतरतो. फेब्रुवारी-मार्चच बरे.

लक्षद्वीपचा विचार मनात आला असेल तर, लहान मुलांसाठी तिथली उथळ खाजणं मला नीलहूनही आवडतात, पण प्रवेशाचा परवाना काढावा लागतो आणि राहायच्या जागा मोजक्याच. या वर्षी नको.

आणि आता सगळ्यात आग्रहाचं सांगणं. डिसेंबरात एका शनिवार-रविवारी मालवणला जाऊन या. फोंडा घाटाने जा, चार-साडेचार तासांची वाट आहे, उलटीचीही परीक्षा होईल. सकाळी तारकर्लीच्या वाळूत बसा आणि फक्त बघा : धाकटा लाटेला भितो की तिच्या मागे धावतो? थोरली पाण्यातून बाहेर यायला किती वेळाने तयार होते? वाळू डोळ्यांत गेली की कोण रडतं? मग मालवणच्या धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्गात जा. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी हा किल्ला बांधायला १६६४ साली सुरुवात केली. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. थोरलीला त्या विहिरीत डोकावू द्या, हात घट्ट धरून. या दोन दिवसांत तुम्हाला जे कळेल त्यावरून अंदमानचा आराखडा बदला, माझ्या सांगण्यावरून नाही. आणि समजा फेब्रुवारीत वर्कशॉपचं काम निघालं, पैसे अडकले, तर मालवणलाच पाच दिवस राहा. तिथेही सिंधुदुर्गाचं बेट आहेच.

थोरलीच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. बेट तरंगत नाही म्हणावं. म्यानमारमधून आलेली डोंगरांची एक रांग समुद्रात बुडालेली आहे, तिची पाण्यावर उरलेली टोकं म्हणजे अंदमान. पुढच्या रविवारी तिला पन्हाळ्यावर घेऊन जा. तबक उद्यानाच्या बाजूने खाली बघायला लावा आणि विचारा, पायथ्याच्या सगळ्या शेतांत, गावांत समुद्राचं पाणी भरत भरत वर आलं, तर शेवटी वर काय राहील? जोतिबाचा डोंगर समोरच दिसेल. ती मोजायला लागेल.